अपराजित आणि अजिंक्य

३ डिसेंबर २०२३, रविवार. फ्लोरिडाची राजधानी टॅलाहासी. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचा फुटबॉल संघ टीव्हीसमोर जमला होता. आदल्याच रात्री या पोरांनी लुइव्हिल विद्यापीठाला १६-६ असं हरवून आपल्या गटाचं विजेतेपद मिळवलं होतं. हंगामात तेरा सामने, तेरा विजय. आता राष्ट्रीय अजिंक्यपदासाठी खेळणाऱ्या चार संघांची नावं जाहीर व्हायची होती. मिशिगन. वॉशिंग्टन. टेक्सस. अलाबामा. फ्लोरिडा स्टेट पाचव्या क्रमांकावर. ते पडलेले चेहरे साऱ्या देशानं पाहिले.

टेक्सस आणि अलाबामा हे दोन्ही संघ हंगामात एकेकदा हरलेले होते. म्हणजे हरलेले आत आणि न हरलेले बाहेर. एखाद्या मोठ्या गटाचा विजेता, तोही एकही सामना न हरलेला, चारांच्या यादीतून वगळला जाण्याची ही पहिलीच वेळ होती. कारण काय? दोन आठवड्यांपूर्वी, १८ नोव्हेंबरला, संघाचा क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस याचा पाय मोडला होता. त्याच्याशिवायचा हा संघ म्हणजे वेगळाच संघ आहे, असं निवड समितीचं म्हणणं पडलं.

त्यानंतर जो वाद पेटला, तो अमेरिकन क्रीडाविश्वात काही नवा नाही. कॉलेज फुटबॉलचा विजेता कसा ठरवावा, हा प्रश्न त्या देशात शंभरेक वर्षं घोळतो आहे. पण त्या रविवारी जे घडलं, त्यात या वादाचा गाभा जितका उघडा पडला तितका क्वचितच पडला असेल. तो गाभा खेळाचा आहेच, पण मला तो भाषेचाही वाटतो. नेमकं सांगायचं तर, काळाचा.

आपल्याकडच्या क्रीडापानांवर तीन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात : विजेता, अपराजित आणि अजिंक्य. थोडं थांबून पाहिलं तर त्यांचे काळ वेगळे आहेत. विजेता म्हणजे ज्यानं जिंकलं तो. अपराजित म्हणजे जो अजून हरलेला नाही. दोन्ही शब्द घडून गेलेल्या गोष्टीबद्दल बोलतात. अजिंक्य म्हणजे मात्र ज्याला जिंकताच येणार नाही असा. हा शब्द घडलेल्याबद्दल बोलत नाही, शक्यतेबद्दल बोलतो. त्यात एक भाकीत दडलेलं आहे. समितीनं अपराजितांना बाजूला सारलं, कारण तिला अजिंक्य हवे होते.

*

वादात पुढे जाण्याआधी हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं. मी शिकायला म्हणून अमेरिकेतल्या एका लहानशा विद्यापीठ-गावात गेले, तेव्हा पहिल्याच शनिवारी लक्षात आलं, की गावाच्या लोकसंख्येहून जास्त माणसं स्टेडियमकडे चालली आहेत. आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन सामन्याला खेळाडूंचे मित्र आणि एखाद-दुसरे प्राध्यापक येतात. तिथं आजोबा नातवाला घेऊन येतात. आजोबांच्या अंगातही त्याच कॉलेजचा जर्सी. हा चेंडू पायानं कमी आणि हातानं जास्त खेळला जाणारा, अंगावर धावून जाऊन पाडापाडी करण्याचा खेळ. क्वार्टरबॅक हा त्यातला सूत्रधार : प्रत्येक चाल त्याच्या हातून सुरू होते.

आता गणित पाहा. २०२३ साली या सर्वोच्च श्रेणीत १३३ संघ होते. प्रत्येकानं प्रत्येकाशी एकदा खेळायचं म्हटलं तर ८,७७८ सामने व्हायला हवेत. प्रत्यक्षात खेळ इतका अंगमोड करणारा, की आठवड्यात एकच सामना होतो आणि नियमित हंगामात एक संघ बारा सामने खेळतो. म्हणजे कुठल्याही संघाची दहांतल्या नऊ संघांशी गाठच पडत नाही. गुणतक्ता मांडावा तर तो अर्थहीन ठरणार. कोणी कोणाला हरवलं यापेक्षा, कोण कोणाला हरवू शकला असता, हा प्रश्न या खेळाच्या रचनेतच आहे.

बरं, या श्रेणीचा अधिकृत विजेता ठरवणारी एकच एक संस्थाही नाही. विद्यापीठीय खेळांचा कारभार पाहणारी एनसीएए ही संघटना बास्केटबॉलचा विजेता ठरवते, फुटबॉलच्या खालच्या श्रेण्यांचाही ठरवते. सर्वोच्च श्रेणीचा मात्र ठरवत नाही. तिथं आधीपासून नववर्षाच्या सुमाराला होणारे ‘बाउल’ सामने होते. त्यातला सर्वांत जुना रोझ बाउल १९०२ साली कॅलिफोर्नियातल्या पासाडेनात झाला. हे सामने मुळात उत्सवी. हिवाळ्यात उबदार गावी पाहुणे यावेत म्हणून भरवलेले. त्यांचं आणि गटांचं अर्थकारण इतकं गुंतलं, की बादफेरीची सरळ स्पर्धा कित्येक दशकं कोणाला नकोच होती.

ही पोकळी भरून काढली वार्ताहरांनी. १९३६पासून असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था पत्रकारांची मतं घेऊन क्रमवारी छापू लागली. १९५०पासून प्रशिक्षकांची वेगळी मतमोजणी सुरू झाली. झालं, देशात दोन-दोन विजेते होऊ लागले. यातला विनोद असा, की बराच काळ अखेरची मतमोजणी बाउल सामन्यांच्या आधीच उरकली जायची. १९६४ साली अलाबामाला विजेता घोषित केलं गेलं आणि मग १ जानेवारी १९६५ला तो संघ ऑरेंज बाउलमध्ये टेक्ससकडून २१-१७ असा हरला. विजेतेपद होतं तिथंच राहिलं.

१९९८ साली यावर तोडगा म्हणून बीसीएस नावाची पद्धत आली : माणसांची मतं आणि संगणकांची सूत्रं यांची सरासरी काढायची आणि पहिल्या दोघांचा अंतिम सामना लावायचा. २००३च्या हंगामात तिनं कमाल केली. पत्रकार आणि प्रशिक्षक दोघांच्याही यादीत सदर्न कॅलिफोर्निया पहिल्या क्रमांकावर. पण सरासरीत ते तिसरे! अंतिम सामना झाला एलएसयू आणि ओक्लाहोमा यांच्यात. ओक्लाहोमा तर आपल्या गटाचा अंतिम सामना ३५-७ असा हरून आलेला. एलएसयूनं त्यांना हरवलं, पत्रकारांनी तरीही सदर्न कॅलिफोर्नियाला विजेता म्हटलं. पुढल्या वर्षी ऑबर्न एकही सामना न हरता बाहेर राहिलं आणि त्यानंतर असोसिएटेड प्रेसनं आपली क्रमवारी या पद्धतीतून काढून घेतली.

यंत्रावर राग निघाला तेव्हा लोकांना पुन्हा माणसं हवीशी झाली. २०१४पासून चार संघांचा प्लेऑफ आणि ते चार निवडायला तेरा जणांची समिती आली. माजी प्रशिक्षक, विद्यापीठांचे क्रीडा संचालक, सुरुवातीच्या समितीत तर माजी परराष्ट्रमंत्री कोंडोलीझा राईससुद्धा. सूत्राऐवजी शहाणपण, अशी ही कल्पना होती.

*

या समितीला एक लेखी कार्यपद्धती दिलेली आहे. ती छोटी आहे आणि बारकाईनं वाचण्यासारखी आहे. चार ‘सर्वोत्तम’ संघ निवडावेत, हे २०२३ साली तिचं काम होतं. संघ तुल्यबळ वाटले तर काय पाहावं, याची यादी पुढे येते : गटाचं विजेतेपद, प्रतिस्पर्ध्यांची ताकद, आमनेसामने झालेल्या सामन्याचा निकाल, समान प्रतिस्पर्ध्यांविरुद्धची कामगिरी. इथपर्यंत सगळं भूतकाळात आहे. काय केलंत, कोणाविरुद्ध केलंत, एवढंच. आणि मग शेवटी एक मुद्दा येतो : महत्त्वाचे खेळाडू किंवा प्रशिक्षक उपलब्ध नसणं. त्यांच्या नसण्याचा हंगामातल्या कामगिरीवर परिणाम झाला असेल तर तो पाहावा, किंवा पुढच्या सामन्यांवर होण्याची शक्यता असेल तर तीही पाहावी.

त्या ‘किंवा’पाशी वाक्याचा काळ बदलतो. ‘झाला असेल’ हे हिशेबनिसाचं वाक्य आहे, ‘होण्याची शक्यता असेल’ हे ज्योतिषाचं. या दोन कामांना वेगवेगळी माणसं लागतात, वेगळे पुरावे लागतात. इथं ती एका स्वल्पविरामाच्या अंतरावर, एकाच समितीला दिलेली आहेत. कोणी म्हणेल, नियम तर आधीच लिहिलेला होता, मग तक्रार कसली? मला इथं २०१९चा लॉर्ड्सवरचा क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना आठवतो. सामना बरोबरीत, सुपर ओव्हर बरोबरीत आणि मग चौकार जास्त म्हणून इंग्लंड विजेता. तो नियम मूर्खपणाचा होता, पुढे काढूनही टाकला. पण तो नियम होता. चौकार मोजायला कोणाच्या मताची गरज नव्हती आणि न्यूझीलंडचा संघ ते स्वतः मोजू शकत होता. समितीच्या कागदावरचं कलम असं मोजता येत नाही. ते नियम नाही, परवानगी आहे : हवं तेव्हा वापरा, नको तेव्हा विसरा.

आणि ते विसरलंही गेलं होतं. प्लेऑफच्या पहिल्याच वर्षी, २०१४ साली, ओहायो स्टेटचा पहिला क्वार्टरबॅक हंगामाआधी जायबंदी झाला, दुसरा नोव्हेंबरअखेरीस मिशिगनविरुद्ध. गटाच्या अंतिम सामन्यात तिसऱ्या फळीतला कार्डेल जोन्स उतरला. ओहायो स्टेटनं विस्कॉन्सिनला ५९-० असं चिरडलं आणि समितीनं त्यांना चौथी जागा दिली. पुढे त्याच पोराच्या जोरावर त्यांनी अलाबामाला आणि मग ओरेगॉनला हरवून विजेतेपद मिळवलं. फ्लोरिडा स्टेटनंही गटाचा अंतिम सामना तिसऱ्या क्वार्टरबॅकला, पहिल्या वर्षाच्या एका मुलाला, घेऊनच जिंकला. फरक एवढाच, की तो १६-६ असा, बचावाच्या बळावर, दात-ओठ खाऊन जिंकला. दिसायला तो विजय देखणा नव्हता. समितीच्या परिभाषेत ज्याला ‘आय टेस्ट’ म्हणतात, म्हणजे नजरेला काय भावतं, त्यात तो नापास झाला. बचावानं सामना जिंकणं हे या खेळात कमीपणाचं कधीपासून झालं, याचं उत्तर मात्र कोणी दिलं नाही.

*

समितीची बाजू पोकळ नव्हती, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. फक्त पराभव मोजायचे म्हटले तर त्याच हंगामात लिबर्टी नावाचं विद्यापीठही तेरापैकी तेरा जिंकलं होतं. त्यांना चारात घ्या, असं कोणीही म्हटलं नाही. फ्लोरिडा स्टेटच्या पाठीराख्यांनीही नाही. कारण लिबर्टीचे प्रतिस्पर्धी दुबळे होते. त्यांना फिएस्टा बाउलमध्ये ओरेगॉननं ४५-६ असं हरवलं तेव्हा कोणाला आश्चर्यही वाटलं नाही. म्हणजे ‘अपराजित’ हा शब्द एकट्यानं पुरेसा नाही. कोणासमोर अपराजित, हे विचारावंच लागतं.

अलाबामाकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं. त्यांनी गटाच्या अंतिम सामन्यात जॉर्जियाला हरवलं. सलग २९ सामने न हरलेला हा संघ. टेक्ससनं सप्टेंबरमध्ये अलाबामाला त्यांच्याच मैदानावर ३४-२४ असं हरवलं होतं, त्यामुळे अलाबामाला घ्यायचं तर टेक्ससला वगळता येत नव्हतं. ‘अलाबामाचे विजय फ्लोरिडा स्टेटच्या विजयांपेक्षा वजनदार आहेत,’ एवढंच समितीनं म्हटलं असतं, तर ते मला पटलं नसतं. फ्लोरिडा स्टेटनं एलएसयूला ४५-२४, मग क्लेमसनला त्यांच्या घरी आणि क्वार्टरबॅक गमावल्यावर फ्लोरिडालाही त्यांच्याच मैदानावर हरवलं होतं. पण तो वाद एका काळातला झाला असता : झालेल्या कामाचं वजन करण्याचा. त्यावर दोन शहाणी माणसं भांडू शकतात आणि भांडून चहा प्यायला जाऊ शकतात. समितीनं मात्र मोडलेला पाय पुढे केला. तुम्ही जे केलंत ते खरं, पण आता तुमच्याच्यानं होणार नाही, असं म्हटलं. केलेल्या कामाचा मोबदला न केलेल्या कामाच्या अंदाजावर कापला गेला.

आणि अंदाजाचा एक दुर्गुण असा, की तो स्वतःला खरं करून घेतो. ३० डिसेंबरला फ्लोरिडा स्टेट ऑरेंज बाउलमध्ये जॉर्जियाकडून ६३-३ असा हरला. बाउल सामन्यांच्या इतिहासातला सर्वांत मोठा फरक. ‘बघा, समिती बरोबर होती,’ असं लगेच म्हटलं गेलं. पण मैदानावर तो संघ होताच कुठे? वीसहून अधिक खेळाडू उतरलेच नव्हते. कोणी जायबंदी, कोणी व्यावसायिक संघांच्या निवडीकडे डोळे लावून अंग जपणारा, कोणी दुसऱ्या विद्यापीठाच्या वाटेवर. ज्या सामन्याला अर्थ उरला नाही, त्यात हात-पाय का मोडून घ्यावेत? अर्थ काढून घेतला समितीनं. आणि त्या निरर्थक सामन्याचा निकाल पुरावा म्हणून वापरला गेला. जानेवारीत मिशिगननं अलाबामाला जादा वेळेत हरवलं. त्यावरूनही काही सिद्ध होत नाही. भाकिताशी वाद घालता येत नाही, हाच तर त्याच्याविरुद्धचा मुद्दा आहे.

*

यावर रामबाण उपाय म्हणून ज्याची वाट पाहिली जात होती, तो पुढच्याच हंगामात आला. २०२४पासून चाराचे बारा संघ झाले. पाच गटविजेत्यांना हक्काची जागा, बाकी सात समितीच्या पसंतीचे. बारा असते तर फ्लोरिडा स्टेट सहज आत असतं, यात शंका नाही. पहिल्याच वर्षी काय झालं? ओरेगॉन तेरापैकी तेरा जिंकून पहिल्या मानांकनावर. ऑक्टोबरमध्ये त्यांनी ओहायो स्टेटलाही एका गुणानं हरवलेलं. ओहायो स्टेट दोन सामने हरलेलं, त्यातला एक स्वतःच्या मैदानावर, हाडवैरी मिशिगनकडून, १३-१०. आठव्या मानांकनाच्या ओहायो स्टेटनं रोझ बाउलमध्ये ओरेगॉनला ४१-२१ असं उडवलं आणि २० जानेवारी २०२५ला अटलांटात नोत्र दामला हरवून विजेतेपद घेतलं. पहिल्या फेरीत पुढे चाल मिळालेले चारही संघ आपला पहिलाच सामना हरले.

हे ओरेगॉनवर अन्यायकारक होतं का? मला थोडं वाटलं. पण फरक लक्षात घ्यायला हवा. ओरेगॉनला मैदानावर हरवलं गेलं, खोलीत नाही. मोठ्या बादफेरीची किंमत मात्र खरी आहे. पूर्वी सप्टेंबरच्या एका शनिवारी हरलं तरी वर्ष संपायचं. त्या भीतीमुळेच प्रत्येक शनिवारला धार होती. आता मिशिगनकडून हरूनही सर्वस्व मिळवता येतं. जुने लोक हळहळतात ते उगाच नाही.

शिवाय वाद संपला नाहीच. चौथ्या-पाचव्या जागेवरून फक्त सरकला. डिसेंबर २०२५मध्ये नोत्र दाम आणि मायामी यांच्यात शेवटच्या जागेवरून तेच नाटक झालं. दोघांचे दहा विजय, दोन पराभव. मायामीनं ऑगस्टअखेर नोत्र दामला २७-२४ असं हरवलेलं. तरी कित्येक आठवडे समिती नोत्र दामला वर ठेवत राहिली, कारण अलीकडे ते जास्त चांगले ‘दिसत’ होते. अखेरच्या आठवड्यात दोघांपैकी कोणीच खेळलं नाही. आणि अखेरच्या यादीत मायामी वर, नोत्र दाम बाहेर. माझ्या मते निर्णय बरोबर होता : आमनेसामने जिंकलेल्याला मान मिळाला. पण तो जर डिसेंबरमध्ये बरोबर होता, तर नोव्हेंबरभर चूक का होता? नोत्र दामनं रागावून कुठलाही बाउल सामना खेळायला नकार दिला. अन्याय जागेचा नव्हता, काळ बदलत राहण्याचा होता.

संघ सोळा करा, चोवीस करा, बलाढ्य गटांना ठरावीक जागा बांधून द्या, असे प्रस्ताव पुढे येत आहेत. यामागे न्यायबुद्धी कमी आणि पैसा जास्त आहे, हे सांगायला नको. प्लेऑफच्या प्रक्षेपणहक्कांचा करारच वर्षाला सुमारे १३० कोटी डॉलरचा आहे. दर मंगळवारी समितीची तात्पुरती यादी टीव्हीवर जाहीर होते ती काही खेळाची गरज म्हणून नाही. ती वादाची मालिका आहे, आठवड्याला एक भाग. फ्लोरिडा स्टेटनं त्या डिसेंबरातच स्वतःच्या गटाविरुद्ध कोर्टात धाव घेतली, कारण त्यांना कळून चुकलं, की दुबळ्या समजल्या जाणाऱ्या गटात तेरा विजयही पुरत नाहीत. गटाचं नाव हीसुद्धा एक भाकीत करण्याची सोय झाली आहे.

मग काय करावं? संख्या कितीही ठेवा, शेवटच्या जागेपाशी निवड करावीच लागणार, हे मान्य. एवढ्या संघांच्या खेळात शुद्ध न्याय मिळणार नाही, हेही मान्य. माझं मागणं छोटं आहे : त्या कार्यपद्धतीतलं ‘किंवा’नंतरचं अर्धं वाक्य खोडावं. प्रतिस्पर्ध्यांची ताकद मोजा, फरक मोजा, आमनेसामने काय झालं ते पाहा. भांडा, चुका. पण जे झालं त्याबद्दल चुका. पुढे काय होईल, ते ठरवण्यासाठी मैदान आहे, आणि ते बघायला गावाच्या लोकसंख्येहून जास्त माणसं येतात. उत्तर आधीच ठाऊक असतं तर ती आली नसती.

निवड जाहीर झाली त्या दिवशी जॉर्डन ट्रॅव्हिसनं समाजमाध्यमावर लिहिलं, की माझा पाय हंगामात आधीच मोडायला हवा होता. म्हणजे हा संघ एका क्वार्टरबॅकपेक्षा खूप मोठा आहे, हे तुम्हाला दिसलं असतं. तेवीस वर्षांच्या मुलाला आपल्या मोडलेल्या पायाची माफी मागावीशी वाटावी, असं ते वाक्य होतं. २०२४ साली न्यूयॉर्क जेट्सनं त्याला निवडलं. पण पाय पूर्ण बरा झालाच नाही आणि एकही व्यावसायिक सामना न खेळता २०२५मध्ये त्यानं निवृत्ती जाहीर केली.

म्हणजे त्याच्यासाठी तरी पुढचं काही उरलं नाही. जे होतं ते मागेच होतं. त्या हंगामात तो अकरा सामन्यांत उतरला आणि ते सगळे त्याच्या संघानं जिंकले. तो अजिंक्य नव्हता, कोणीच नसतं. अपराजित मात्र होता.